मृदंगाची कणीक

"गव्हाचीच लागते, सायेब. तांदलाची लावलीस त घटकंभरान तिची खपली व्हते नि पडते खाली. मंग मुरदुंग ठनठन करतं, बोलत नाय. तुज्या घरान रवा असल, भाजनी असल, काय असल त्ये असूं दे. पन मुरदुंगाच्या डाव्या तोंडाला गव्हाचीच कनीक."

हिरामण घरत पाण्याची रबरी नळी पायाखाली दाबून धरून हे सांगत होता. नेरूळच्या नव्या बागेतला तो माळी. अंगात खाकी, डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी. समोर उभे असलेले नंदकुमार सबनीस मंत्रालयात नोकरीला आणि बागेसमोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पण हिरामण त्यांना अरे-तुरेच करायचा. आमच्या खारपट्टीच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. देवाला तू, कलेक्टरला तू, जावयाशी तेवढं जरा सांभाळून.

सबनीसांनी एवढंच विचारलं होतं, की पूर्वी तुम्ही मृदंगाला ते ओलं पीठ थापायचात ते कशाचं. विचारायचं कारण सोसायटीचा वर्धापनदिन. मागच्या वर्षी कमिटीनं लाउडस्पीकर लावला, वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसाला त्रास झाला आणि भांडण पोलीस चौकीपर्यंत गेलं. यंदा ठरलं, माइक नको.

"आपलं मातीतलं काहीतरी, बिनमाइकचं. कुणाला टेन्शन नाय," सबनीस म्हणाले. आणि त्यांना खिल्लारे-घरत जोडी आठवली. इकडे नवीन राहायला आले तेव्हा कुणाच्या तरी पूजेला त्यांनी ती ऐकली होती. एक पेटी, एक मृदंग, दोन गळे. मधे एक तारसुद्धा विजेची नाही.

"त्याला सांगलंस?" हिरामणनं विचारलं.

"खिल्लाऱ्यांना? आधी त्यांच्याकडेच गेलो होतो. पंपहाउसवर भेटले."

"मंग? काय बोलला?"

सबनीसांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत दोन पानं आणि एक अख्खी सुपारी. "हे असं न्यायचं असतं असंही त्यांनीच शिकवलं. म्हणाले, हे हिरामणभाऊला द्या. अर्धी सुपारी तिकडून आली, की मी पेटी पुसायला घेतो."

हिरामणचा पाय नळीवरून सरकला आणि सबनीसांच्या चपला भिजल्या. त्यानं पाय पुन्हा दाबला. "काय बोलला? परत बोल."

सबनीसांनी तेच पुन्हा सांगितलं. हिरामणनं पुडी हातात घेतली आणि तो हिरवळीकडं बघत बसला. त्या हिरवळीखाली त्याच्या बापाचं भाताचं शेत होतं. पण तो बघत होता ते काही शेत नव्हे.

अर्ध्या सुपारीचं प्रकरण असं आहे.

तळखार हे हिरामणचं खाडीकाठचं गाव. भाताची खारजमीन, मिठाचे आगर आणि खाडीतला जिताडा मासा यांच्यावर चाललेलं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि तो कुठं गेला ते ज्याचं त्याला ठाऊक. हिरामण मिठागरावर फळीनं मीठ ओढायचा. गावाच्या अंगाला शहर बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या बराकी पडल्या. त्यात बहात्तरच्या दुष्काळात परभणीकडून निघालेला धर्मराज खिल्लारे होता. बायको भिमाबाई, मुलगी शकुंतला. जातीनं महार, आता बौद्ध. बराकीच्या पुढच्या पत्र्यावर बाबासाहेबांचं चित्र, आणि त्याला रोज ताजं फूल. आजूबाजूला सगळं खणून ठेवलेलं असताना तो फूल कुठून आणायचा, देव जाणे.

गावाची आणि बराकीची पोरं एकाच शाळेत बसायची. सत्त्याहत्तरच्या साली शाळेचं गॅदरिंग आलं. चौथीतली जयवंती, म्हणजे हिरामणची थोरली, आणि शकू या दोघींचा नाच होता. तालीम झाल्यावर दोघी बाकावर चढून नाचू लागल्या, तिथून घसरल्या त्या थेट शाळेच्या आडव्या ठेवलेल्या ढोलकीच्या दोन अंगांना. एकीचा पाय या तोंडातून आत, दुसरीचा त्या. ढोलकीचे दोन्ही डोळे एका दमात फुटले.

हेडमास्तरांनी दोघींच्या बापांना बोलावलं. हिरामण मिठागरावरून तसाच आला, पायावर मीठ, डोळ्यात रक्त. बराकीवाल्याच्या पोरीनं आपल्या पोरीला बिघडवली अशी त्याची खात्री होती, आणि बराकीवाल्याला तिथंच लोळवायचा असं ठरवून तो आला होता. व्हरांड्यात बघतो तर एक किडकिडीत, काळाभोर माणूस फुटकी ढोलकी मांडीवर घेऊन, हरवलेलं पोर सापडावं तसा तिच्यावरून हात फिरवतोय. हिरामणकडं न बघताच तो बोलला.

"लाकूड चांगलं हाय. कातडं मी चढवतो. पन सुरात आनायचं आपल्याला जमत न्हाई."

"त्ये मना जमतं," हिरामण बोलून गेला, आणि भांडण तिथंच राहिलं.

"तू कातडं चढवायला कुठं शिकलास?" थोड्या वेळानं हिरामणनं विचारलं.

"आमचा बाप हेच करायचा की."

हिरामणला त्याचा अर्थ कळला. त्यानं ऐकलं आणि ऐकलंच नाही असं केलं. त्या दिवशी त्याला यात आपलं मोठेपण वाटलं होतं.

ढोलकी बराकीत दुरुस्त झाली. धर्मराज ओलं कातडं ताणायचा, हिरामण हातोडीनं ठोकत सुरावर आणायचा, आणि पलीकडं भिमाबाई परातीत कणीक तिंबायची. इंजिनियर आणि कारकून लोकांचे डबे असायचे तिच्याकडं. मूळची ती ज्वारीची माणसं, पण रेशनवर गहू मिळायचा आणि साहेब लोकांना पोळी लागायची, म्हणून तिचा हात गव्हावर बसला होता. हिरामणची नजर परातीवरून हलेना. तो गावच्या भजनात मृदंग वाजवायचा. आमच्याकडं भाकरी तांदळाची. गव्हाचं पीठ घरात असलंच तर दुकानातलं, जुनं, कोंड्यानं भरलेलं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ते लावलं की दोन अभंगांत चिरा जायच्या. त्यानं उठून परातीतल्या गोळ्यात अंगठा खुपसला. खड्डा पडला आणि हळूहळू वर आला.

"वयनी, मना एक गोला देशील?"

"पोळी मागायची सोडून कनीक काय मागता भावजी," भिमाबाई हसली. "कच्चीच खाता का काय तुमच्यात?"

त्या एकादशीला देवळातल्या मृदंगानं असा आवाज दिला की गावातले म्हातारे मांड्या बदलून बसले. कणीक कुणाची, असं एकानं विचारलं. हिरामण म्हणाला, घरची. आणि मग प्रत्येक एकादशीला ती घरचीच राहिली.

धर्मराजकडं एक पेटी होती, जुन्या बाजारात घेतलेली. तिचे दोन सूर मुके. कितीही दाबा, नुसती हवा यायची. धर्मराजनं पेटी बदलली नाही, चाली बदलल्या. त्या दोन सुरांना होईल तेवढा वळसा घालूनच तो गाणं बांधायचा. लोकांना वाटायचं, ही त्याची ढब आहे. हिरामणला तो वळसा इतका पाठ झाला, की मुका सूर आला की तो नेमकी तिथं मृदंगाच्या डाव्या तोंडावर भरदार थाप टाकायचा. पेटीचं भोक मृदंगानं बुजायचं. दोघांना बसून असं काही ठरवावं लागलं नाही. ढोलकीच्या निमित्तानं जी बैठक सुरू झाली ती चालूच राहिली, पोरी शेजारी अभ्यासाच्या नावाखाली गजगे खेळत, आणि जोडी जमली.

धर्मराजनं पहिलं गाणं त्या दोघींवरच रचलं.

दोन पोरी नाचल्या, ढोलकी फुटली,
फुटक्या कातड्यात सोयरीक जुटली.

पुढं बरंच होतं. त्यात हेडमास्तरांच्या छडीवर एक कडवं होतं आणि हिरामणच्या मिठाळ पायांवर एक. बारशाला, पूजेला, बराकीतल्या जयंतीला, नव्या इमारतींच्या चौकात हे गाणं लोक मागून घ्यायचे.

गाण्याला बोलवायचं तर आमच्याकडं पानसुपारी घेऊन दारात यावं लागतं. तोच विडा. लोक जोडीसाठी एकच विडा आणायचे आणि तो हिरामणच्या दारात, कारण तो गाववाला. हिरामण अडकित्त्यानं सुपारीच्या दोन फाका करायचा. एक आपल्या तोंडात, दुसरी कागदात बांधून धर्मराजकडं. ती पोचली की काम घेतलं. एकदा बेलापूरच्या एका बड्या ठेकेदारानं हिरामणला एकट्यालाच बोलावलं, पेटीवाला आमचा आहे म्हणाला. हिरामणनं सुपारी फोडलीच नाही, तशीच परत दिली. बराकीत ही गोष्ट वर्षभर सांगितली जात होती.

चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर हिरामणला खुर्ची असायची, पहिल्या रांगेत. त्याच्या कपाळाला कोणी निळा गुलाल लावला तर तो घरी जाईपर्यंत पुसायचा नाही. तळखारमध्ये मात्र जोडी अंगणात बसायची. कुणाचीही पूजा असो, कुणाचंही बारसं असो, अंगणात सतरंजी. धर्मराजला चहा यायचा तो काचेच्या पेल्यात, बाकीच्यांना स्टीलच्या. धर्मराज पेला स्वतः विसळून पालथा घालायचा. हिरामणला ते दिसायचं. तो मृदंगाच्या चामडी वाद्या ओढण्यात फार गुंतलेला असायचा.

असं बरंच चाललं. बराकी उठल्या. धर्मराज पाण्याच्या पंपहाउसवर हेल्पर म्हणून कायम झाला आणि त्याला एका खोलीचं घर मिळालं. मिठागर बंद पडलं आणि हिरामण बागेत लागला. न्हावा शेव्याला बंदराचं काम निघालं, पोरं तिकडं धावू लागली. त्यातलाच एक, खाडीपलीकडच्या मोरा गावातल्या चांगल्या घरातला, जयवंतीला सांगून आला. लग्न ठरलं सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात.

लग्नाआधीच्या एकादशीची गोष्ट. हिरामण सकाळी भिमाबाईकडं गेला होता खरा, पण बागेत साहेबाची तपासणी निघाली म्हणून कणकेचा डबा तिथंच विसरून पळाला. संध्याकाळी देवळात भजनी जमले. हिरामण मृदंग मांडीत घेऊन वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकत होता. उजवं तोंड सुरात आलं, डावं उघडंच. तेवढ्यात पायऱ्यांखालून हाक आली.

"भावजी, डबा इसरलात की."

भिमाबाई डबे पोचवून परत निघाली होती, वाट वाकडी करून आली. हिरामणच्या एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं वादी धरलेली. तिच्या घरी असं शंभरदा झालं होतं. तो वाजवायला बसला की तीच परातीवरून उठून येऊन कणीक थापून द्यायची. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं.

"लाव ना, वयनी."

ती वर आली. चपला पायऱ्यांखाली काढल्या, पदर खोचला, हात भिजवला आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणीक थापून अंगठ्यानं कडेनं दाबत नेली, पोळपाटावर दाबतात तशी. मग बोटानं एक टिचकी मारून बघितली. "आता बोलंल," म्हणाली, आणि गेली.

भजन झालं. सगळे गायले, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. प्रसाद झाला. हिरामण घरी जाऊन जेवला आणि झोपला. काय झालं ते त्याला कळलं दुसऱ्या दिवशी. देवळाचा मृदंग जागेवर नव्हता. गावकीनं तो नवं कातडं घालायला पाठवला होता. डाव्या तोंडाचं.

हे ऐकून धर्मराज पुष्कळ वेळ हसला. "कातडं कुनी कमावलंय ते न्हाई का इचारलं?"

गावकीचा म्होरक्या शिवराम. वाईट माणूस नव्हता. हिरामणच्या बापाच्या मयताला यानंच लाकडं भरली होती. तो हिरामणच्या ओटीवर आला, चांगुणाबाईनं, हिरामणच्या बायकोनं, दिलेला चहा प्याला, लग्नाची चौकशी केली आणि मग सावकाश बोलला.

"हिरामन, तुजी दोस्ती हाय, आमी कवा काय बोललू? त्याच्याकडं जा, जेव, वाजव. पन मांडव गावाचा असतंय. तो मानूस पेटी घेऊन मांडवान बसला त गावकी उठल. मग टोपं तुजी तू आन, भात तुजा तू शिजव."

आमच्या लग्नाला गावकी म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. मांडवाचे बांबू गावकीचे, भाताची मोठी टोपं गावकीची, आणि टोपं उचलणारे हातही. लग्नाचे धवले गाणारी बाई गावकीच्या शब्दावर येते, आणि धवले झाल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. गाव उठलं हे मोऱ्याला कळायला एक होडी पुरे. वरात तिकडूनच मागं फिरली असती.

चांगुणाबाई आत भांडी लावत होती. शिवराम गेल्यावर ती म्हणाली, "पोरीचा बाप हास तू. पेटीवाल्याचा जोडीदार मागनं." आणि परत भांडी लावू लागली.

हळदीच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, हिरामण धर्मराजच्या खोलीवर गेला. पेटी बाहेर काढून ठेवलेली. तिच्या भात्याला धर्मराजनं नवीन ठिगळ मारलं होतं. खुंटीवर नवा पांढरा सदरा, अजून घडी न मोडलेला. ढोलकीच्या गाण्याला त्यानं जयवंतीच्या सासरचं एक कडवं जोडलं होतं आणि शकूला ते पाठ करायला लावलं होतं. पोरीच्या हळदीला दोघांनी वाजवायचं हे ती फुटकी ढोलकी दुरुस्त करतानाच ठरलं होतं, चेष्टेत. तेव्हापासून प्रत्येक बारशात धर्मराज ते लोकांना ऐकवायचा.

"बसा की," धर्मराज म्हणाला. "उद्या दिवस मावळला की येतो. शकूबी यायलीय, तिला जयवंतीला हळद लावायचीय."

"नको येव," हिरामण म्हणाला.

भिमाबाईचे हात परातीत थांबले. मग पुन्हा चालू झाले.

धर्मराजनं पेटीचा भाता बंद केला आणि कडी लावली. "ह्ये कुनाचं म्हननं हाय? गावाचं?"

"गावाचं."

"आन् तुमचं?"

हिरामण दारातल्या चपलांकडं बघत होता. त्याला म्हणता आलं असतं की माझं म्हणणं वेगळं आहे. तेवढं बोलला असता तरी धर्मराज घरीच बसला असता, सदरा परत ट्रंकेत ठेवला असता आणि दोन महिन्यांनी चहाला आला असता. एवढंच पाहिजे होतं त्याला. हिरामण म्हणाला, "पोरीचं लगीन हाय रं."

"व्हय," धर्मराज म्हणाला. "ढोलकी फोडली तवा दोगींनी मिळून फोडली व्हती."

हिरामणनं उठून जायला हवं होतं. पण तो उठला आणि परातीपाशी जाऊन उभा राहिला. मृदंग उद्या वाजायचा होताच. बाहेरगावचा वाजवणारा ठरवला होता, मृदंग हिरामणचा. डावं तोंड उघडं ठेवून कसं चालेल.

"वयनी, कनीक..."

असं कोणी मागतं का, तर हिरामणनं मागितली. यांची कणीक मांडवात असली म्हणजे हीही माणसं थोडी मांडवात असतील, असला काहीतरी विचार त्याच्या डोक्यात होता म्हणे. का नुसती सवयच. भिमाबाईनं त्याच्याकडं न बघता मोठा गोळा तोडला, हातावर फिरवून गुळगुळीत केला आणि डब्यात घातला. वरून ओलं फडकं झाकलं.

"पानी शिपडत ऱ्हावा," ती म्हणाली. "उन्हाळा हाय, सुकंल."

हळद जोरात झाली. गावकी झाडून आली. टोपं चढली, धवले झाले, मोऱ्याची माणसं खूश. बाहेरगावच्या वाजवणाऱ्यानं मृदंग पुढं ओढला आणि डाव्या तोंडाला काय, असं विचारलं. हिरामणनं डबा उघडून आपल्या हातानं कणीक थापली, अंगठ्यानं कड दाबत नेली. शिवराम शेजारीच बसला होता.

"कनीक कोनाची रं?"

"घरची," हिरामण म्हणाला.

शिवरामनं मान हलवली. त्यालाही माहीत होतं. साऱ्या मांडवाला माहीत होतं. गोळा बघून कळत नाही का, खारपट्टीत असली कणीक कोण मळतं. पण माणूस मांडवाबाहेर होता, आणि गावकीला तेवढंच हवं होतं. मृदंग रात्रभर बोलला. लोक म्हणाले, बऱ्याच दिवसांनी असा आवाज ऐकला.

जयवंती पाटावर बसली होती, हाततोंड पिवळं. तिनं बापाला वाकवून कानात विचारलं, "बाबा, धर्माकाका नाय आयला? शकू?"

"येल सकालचे," हिरामण म्हणाला. पोरीनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. सासरी गेल्यापासून ती माहेरी येते ती सणाला, आणि आईशी बोलते.

वाजवून झालं की मृदंगाची कणीक काढून हिरामण ती खाडीत माशांना टाकायचा, इतकी वर्षं तसंच चाललेलं. त्या सकाळी त्यानं ती काढून मांडवाच्या कडेला ठेवली आणि टोपं पोचवायला गेला. परत आला तर कोंबड्या ती टोचत होत्या. हळद सांडून गोळा पिवळा झाला होता.

त्यानंतर हिरामणनं मृदंग घेतला नाही. लुंगीत गुंडाळून आढ्याला टांगून ठेवला, धडधाकट. गावालाही त्याची गरज उरली नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी देवळाच्या उत्सवाला गावकीनं बेंजो पार्टी आणली, टेम्पोतून, डोक्याएवढे भोंगे लावून. पार्टीतली पोरं कुठची, कुणाची, कोणी विचारलं नाही. ती देवळाच्या पायरीवर बसून वडापाव खात होती आणि शिवराम त्यांना स्टीलच्या पेल्यातून पाणी देत होता. मशीनला कणीक लागत नाही.

धर्मराज जयंतीला गातो, सोबतीला कोणतरी पोरगा ढोलकीवर असतो. मुका सूर आला की आता तिथं नुसती हवा येते. बागेची वाट पंपहाउसला जाते, त्यामुळं दोघं रोज समोरासमोर येतात.

"बरं हाय?" हा विचारतो.

"हाय की," तो म्हणतो, आणि सायकलवरून उतरत नाही.

आणि आज त्यानं सुपारी पाठवली होती. स्वतः नव्हे, सबनीसांच्या हातून. पण पाठवली होती. गाव नाही, मांडव नाही, गावकी नाही. फ्लॅटवाल्यांचा हॉल आणि बिनमाइकचा कार्यक्रम. अर्धी फाक तेवढी परत जायची होती.

"मग कमिटीला काय कळवू?" सबनीसांनी घड्याळ बघितलं. "तुम्ही आत्ताच फोडून द्या ना. पंपहाउस माझ्या वाटेवरच आहे, मी देतो नेऊन. तुम्हाला फेरासुद्धा नाही."

हिरामणनं कमरेचा अडकित्ता काढला. सुपारी चांगली होती, एका दाबात फुटली. दोन फाका तळव्यावर घेऊन तो बघत राहिला. एक जरा मोठी होती.

"धाकट्या पोराची सोयरीक जमतंय," तो म्हणाला. "न्हावा गावची पोरगी."

"अरे वा. अभिनंदन."

"मांडव घालायला लागल."

"हो, लागणारच," सबनीस म्हणाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते त्यांना कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

हिरामणनं मोठी फाक तोंडात टाकली. दाढेखाली धरली. मग धाकटीही टाकली. पानं खिशात घातली आणि रिकामा कागद सबनीसांच्या हातात दिला.

"त्याला सांग, मुरदुंग फुटलं."

"फुटलं? अहो, मग आधी सांगायचं ना. दुरुस्त नाही होणार?"

"नाय व्हत," हिरामण म्हणाला. "सांग त्याला तसं."

सबनीस ओल्या चपला फटफटवत फाटकाकडं गेले, तिथून पंपहाउसच्या दिशेनं वळले. हिरामणनं नळीवरचा पाय काढला. पाणी एकदम जोरात आलं, त्यानं तोंडावर अंगठा दाबून त्याचा फवारा केला. हिरवळीचा अजून अर्धा तुकडा कोरडा होता. सुपारी चावत तो त्याला पाणी मारू लागला.